वर्कल्याचा कडा लाव्हाचा नव्हे, गाळाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतले केरळातील वर्कल्याच्या समुद्रकड्याचे छायाचित्र देखणे होते, पण त्याखाली ‘लाव्हारसातून साकारलेला लाल कडा’ अशी ओळ छापून आली आहे. ती चूक आहे. आपण सगळे सह्याद्री बघत वाढलेले, त्यामुळे उभा कडा दिसला की आपल्या तोंडी आधी लाव्हाच येतो. वर्कल्याच्या कड्याचा लाव्हाशी काही संबंध नाही. नद्यांनी वाहून आणलेली वाळू, चिकणमाती आणि कुजका पालापाचोळा किनाऱ्यालगतच्या खाड्यांत, दलदलीत साचत गेला, दबत गेला, त्याचे हे थर आहेत. काळ मायोसीन, म्हणजे 2 कोटी 30 लाख ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यानचा. आपला दख्खनचा कातळ त्याहून कितीतरी जुना, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. विल्यम किंग या भूवैज्ञानिकाने 1882 साली या थरांना याच गावाचे नाव दिले आणि तेव्हापासून भूशास्त्रात ‘वर्कली थर’ रूढ झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या कड्याला भूवारशाचा दर्जा दिलेला आहे.

मी पाणीपुरवठ्याच्या कामावर आयुष्य काढलेला माणूस. वर्कल्याला सहलीला गेलो तेव्हा मंडळी पापनाशमच्या पुळणीवर फोटो काढत होती आणि मी कड्याच्या पायथ्याशी नखाने माती उकरत होतो. सगळ्यात खाली करडी-काळी चिकणमाती, ओलसर, नख सहज रुतेल इतकी मऊ. तिच्यात कोळसा होत आलेल्या लाकडाचे तुकडे. मधूनच पितळेसारखा चमकणारा जड गोळा हाती लागतो, तो मार्कसाइट, लोह-गंधकाचे खनिज. हवा-पाणी लागले की त्यावर पिवळट भुकटी धरते. वर पांढरी, पिवळी, गुलाबी वाळू, आणि त्या वाळूच्या थरातच तिरक्या बारीक रेघा. थर आडवा आणि आतल्या रेघा तिरप्या, कारण वाहत्या पाण्याने वाळू उतरत्या बाजूने टाकत नेलेली असते. रेघा कुठे कलतात ते पाहून त्या वेळचा प्रवाह कोणीकडे जात होता हेही सांगता येते. त्यावर पुन्हा चिकणमाती, पुन्हा वाळू, आणि माथ्यावर लाल जांभा. हा जांभा मात्र कोणी आणून टाकलेला थर नव्हे. खालच्याच गाळावर पाऊस आणि ऊन यांनी काम करून तो जागच्या जागी तयार झाला. छायाचित्रात दिसतो तो लाल रंग त्याचा.

तिथे झरेही आहेत. पावसाचे पाणी जांभ्यातून, वाळूतून खाली झिरपते, चिकणमातीवर येऊन अडते आणि कड्याच्या अंगातून बाहेर पडते. भाविक त्याला तीर्थ मानतात. कडा ढासळतो तोही याच जागी: भिजलेली चिकणमाती घसरते, लाटा पायथा खातात आणि वरचा भाग बसतो. माथ्यावर हॉटेले बांधायची, हिरवळीला पाणी सोडायचे, आणि कडा कोसळला की समुद्राच्या नावाने बोटे मोडायची, हा प्रकार मला तरी समजत नाही.

आता हे पत्र मी रत्नागिरीतून का लिहितो आहे ते सांगतो. असेच थर आपल्याकडेही आहेत, फक्त ते दिसत नाहीत. रत्नागिरीच्या आसपास सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, विहीर खणायला घेतली की आधी जांभा लागतो. तो संपला की काही ठिकाणी खालचा कातळ लागायच्या आधी पांढरी किंवा निळसर चिकणमाती लागते आणि तिच्यात काळ्या लाकडाचे, पानांचे थर. सी. जे. विल्किन्सन यांनी दक्षिण कोकणाच्या भूरचनेवर 1871 मध्येच लिहिले आहे. पुढे अभ्यासकांनी या मातीतून परागकण वेगळे काढले. त्यांत खारफुटीचे आहेत, सदाहरित जंगलातल्या झाडांचेही आहेत. भूशास्त्राच्या पुस्तकांत रत्नागिरीचे थर आणि वर्कली थर यांचा उल्लेख जोडीने येतो.

माझ्या नोकरीतल्या एका विहिरीवर हा थर लागला तेव्हा गडी पहार टाकून वर आले. खालून कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. घमेल्यातून जे वर आले ते ओले, काळे, सुरीने कापता येईल असे लाकूड होते, सालीसकट. त्यात मधाच्या रंगाचा राळेचा खडा निघाला. एका गड्याने तो विडीच्या काडीवर धरला तर धूर काढत जळला आणि धुपासारखा वास सुटला. मालकाला यात काडीचा रस नव्हता, त्याला पाणी हवे होते, आणि त्या थराला लागलेले पाणी पिण्याजोगे नव्हते. दगडी बांधकाम वर घेतले आणि थर कायमचा झाकला गेला. कार्यालयात मोजमाप वहीत ‘मऊ माती’ अशी नोंद झाली, कारण दर त्याच सदरात बसत होता.

तेव्हा निदान विहिरीची उभी भिंत तरी डोळ्यांना दिसायची. आता सगळीकडे बोअर. यंत्र वर फेकते ते ओले पीठ, त्यात कुठला थर कुठे संपला हे नवख्याला कळत नाही. चिरेखाणी जांभा संपला की थांबतात. रस्त्यासाठी डोंगर कापला तर महिन्याभरात त्यावर सिमेंटचा गिलावा चढतो. वर्कल्यात समुद्रानेच थर उघडे करून ठेवले आहेत, आपल्याकडे ते उघडतात तेव्हाच कोणी बघत नाही. सड्यावरच्या कातळशिल्पांची दखल आता देशाबाहेर घेतली जाते, त्याचा आनंदच आहे, पण त्याच सड्याच्या पोटात काय आहे हे इथल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक नसते.

यासाठी मोठा निधी लागत नाही. विहिरीचे खोदकाम किंवा रस्त्यासाठी डोंगराची कापणी चालू असताना काळी वा निळी चिकणमाती लागली तर ग्रामपंचायतीने जागा, खोली आणि थराची जाडी लिहून ठेवावी, शेजारी पट्टी धरून एक फोटो काढावा, आणि ओंजळभर माती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल किंवा भूशास्त्र विभागाकडे द्यावी. पिशवी उघडी ठेवू नये, लाकूड वाळले की तडकून भुगा होतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने बोअरच्या नोंदींत या थरासाठी वेगळा रकाना ठेवला तर आणखी बरे.

माझ्या जुन्या डायऱ्यांत अशा काही विहिरींच्या खोलीचे आकडे आहेत. कोणा विद्यार्थ्याला हवे असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी आनंदाने देईन. आणि पुरवणीतल्या त्या ओळीची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, रत्नागिरी