गालजीबागेत तंबू सुरूंच्या मागे लावा

महोदय,

थंडी पडू लागली की काणकोणातल्या गालजीबाग किनाऱ्यावर तंबू दिसू लागतात. येणारी मुलं बहुतेक पणजी-मडगावची, काही बेळगावची. धिंगाणा घालायला ती येत नाहीत; कासवं बघायला येतात, समुद्री गरुड बघायला येतात. त्यांनी यावं असंच मला वाटतं. फक्त तंबू वाळूत लावू नयेत, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

दुपारनंतर खारा वारा असा सुटतो की उघड्यावर तंबू टिकत नाही. मग आडोसा म्हणून तो भरतीच्या रेषेच्या वर, मर्यादवेल पसरलेल्या उंचवट्याशी नेतात आणि खुंट्या चांगल्या खोल ठोकतात. नेमकी हीच जागा कासवाची मादी धरते. ऑलिव्ह रिडली रात्री वर येते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खड्डा काढते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून अंगाने थोपटून घट्ट करते आणि तासाभरात पाण्यात परतते. वनखात्याच्या माणसांना जे घरटं सापडतं त्याला जाळीचं कुंपण होतं. पण वाऱ्याने पहाटेपर्यंत माग पुसला, तर त्या घरट्याला कसलीच खूण उरत नाही. त्यावर खुंटी बसली तरी कोणाला कळणार?

दुसरी गोष्ट उजेडाची. किनाऱ्यावर विजेरी फिरताना दिसली तर मादी अंडी न घालताच मागे वळते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात ती बहुधा रात्रीच, आणि जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. गेल्या मोसमात एका तंबूभोवती मी त्यांचे बारीक माग पाहिले. सगळे कंदिलाच्या खांबाकडे गेलेले, तिथून सुरूंच्या मुळांत. दोन पिल्लं वाळक्या सुयांत अडकून पडली होती आणि कावळे आधीच येऊन बसले होते. मन फार खट्टू झालं.

ऑलिव्ह रिडली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित वर्गात येतात. कायदा आहेच, रात्री वाळूवर तो सांगायला कोणी नसतं.

सुरूंच्या मागे वारा अडतो, झोपही चांगली लागते. शेकोटी मात्र तिथेही नको, त्या सुया भुरकन पेटतात. विजेरीला लाल कागद लावावा. पहाटे उठून नदीच्या मुखाशी गेलं तर ओल्या वाळूत तुरुतुरु पळणारे चिखल्या पक्षी दिसतात. तिथे अगदी स्वस्थ बसावं लागतं.

नोव्हेंबर ते मार्च वाळूवर तंबूंना बंदी घालावी, आणि सुरूंच्या मागची जागा पंचायत व वनखात्याने मिळून मोसमाआधी, ऑक्टोबरातच दोऱ्या बांधून आखून द्यावी, ही विनंती.

एक वाचक, पैंगीण, काणकोण