पेरोलच्या (पगार विभागाच्या) काकांना, आम्हा सगळ्यांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

पगार लांबायला लागले तेव्हा कॅन्टीनमध्ये एकच विषय होता, फंडिंग कधी येणार. तुम्ही तेवढे विचारत होतात, "पासबुक बघितलंत का?" बँकेचं नाही, पीएफचं. हे पत्र त्या प्रश्नासाठी.

पगार चुकला की त्याच दिवशी बोंब होते, पीएफ चुकला तर महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून पैशांची ओढाताण झाली की आधी त्यालाच कात्री लागते. पगाराच्या स्लिपवर कपात दिसली की भरणा झाला, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवलंत. 15,000 च्या मर्यादेवर पीएफ कापला जात असेल तर स्लिपवर 1,800 असतात. पासबुकात त्याच महिन्याच्या ओळीत तीन आकडे हवेत: आपले 1,800, कंपनीचे 550 आणि पेन्शनचे 1,250. स्लिपवर 1,800 आणि पासबुकात ती ओळच नाही, म्हणजे आपला पैसा कंपनीनं फिरवला. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची 15 तारीख. नोंद चढायला थोडे दिवस द्यायचे, पण महिना संपला की स्लिप जोडून पीएफच्या पोर्टलवर तक्रार करायची आणि तिचा क्रमांक जपायचा.

टीडीएसची, म्हणजे पगारातून कापलेल्या आयकराची, गत वेगळी. 26 एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या उताऱ्यात, आकडा कंपनीनं तिमाही रिटर्न भरल्यावर चढतो, त्यामुळे दर महिन्याला बघून जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरचा फेब्रुवारीत बघायचा. कापलेला कर कंपनीनं भरला नाही तरी तो पुन्हा आपल्याकडून वसूल करता येत नाही, हे मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 205. मागणीची नोटीस तरीही येते. तेव्हा कर कापला गेला होता हे दाखवायला स्लिप आणि बँक स्टेटमेंटच कामी येतं.

म्हणूनच तुम्ही कंपनीचं पेरोल पोर्टल चालू असतानाच सगळ्यांच्या मागे लागलात. पेरोल सॉफ्टवेअरची वर्गणी थकली की लॉगिन बंद, लॅपटॉप परत केला की ऑफिसचा मेलही गेला. अपॉइंटमेंट लेटर, प्रत्येक इन्क्रिमेंट लेटर, सगळ्या स्लिपा, सगळ्या वर्षांचे फॉर्म 16, हे सगळं स्वतःच्या मेलवर. आणि वर दम: आपले कागद घ्या, कोडला आणि क्लायंटच्या फायलींना हात लावू नका.

सगळ्यात मोठा घोटाळा तुम्ही एक्झिट डेटचा, म्हणजे पीएफ खात्यात नोंदवायच्या नोकरी सुटल्याच्या तारखेचा, वाचवलात. कंपनीनं तारीख टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीवर आपली आपण टाकता येते. सोपं आहे, म्हणूनच लोक फसतात. ती तारीख शेवटच्या भरणा झालेल्या महिन्यातली द्यावी लागते. पीएफचे चार महिने थकलेले असताना घाईनं टाकली की प्रत्यक्ष केलेली नोकरी कागदावर चार महिन्यांनी आखूड. आधी थकबाकीची तक्रार, मग तारीख.

ग्रॅच्युइटी तुम्ही चहाच्या कपाखालच्या कागदावर मांडलीत. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1972 च्या कायद्याचं सूत्र: बेसिक 52,000, भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 30,000. सहा वर्षं सात महिने झाले असतील तर सात वर्षं धरायची, 2,10,000. तो कागद अजून आहे, डागासकट.

प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, गेलं तर एचआरला मेल करून उपयोग नसतो, हेही तुमचंच. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, तिच्यातल्या मुदतीत थकलेल्या पगाराचा दावा फॉर्म डीवर रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (दिवाळखोरीत कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाकडे) द्यायचा. सगळ्यांनी मिळून एक प्रतिनिधी नेमला तर फॉर्म ई. कंपनी लिक्विडेशनला गेली, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी फेडायची वेळ आली, तर पगाराचा नंबर रांगेत लागतो, आणि तोही कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी मागच्या 12 महिन्यांपुरता. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातली देणी मात्र दिवाळखोरी कायद्याच्या कलम 36 नुसार त्या रांगेबाहेर. "पण ग्रॅच्युइटीचा फंड मुळात काढलाय का, ते आधी विचारा," असं तुम्ही म्हणालात, आणि मीटिंगमध्ये शांतता पसरली.

तुमचा स्वतःचा पगारही थकलेलाच होता. त्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही, याची लाज वाटते. तुमचा फॉर्म डी भरायचा राहिला असेल तर कळवा. आता तो आम्हाला भरता येतो.

तुमचे,
तिसऱ्या मजल्यावरचे सगळे