तुपात बुडवलेला बारक्या

इंदूर, १४ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

फोनवर तू विचारलंस, "पोराला उपाशी ठेवता की काय?" उपाशी नाही रे, तुपात बुडवतोय! भाचीसाठी माहिती हवी म्हणालास, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन औषधं वेळेवर देऊनही आमच्या बारक्याला दिवसाला पाच-सहा अपस्माराचे झटके (फिट) यायचे. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी या कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध नि अगदी कमी पीठ-साखरेच्या, आहाराचं काढलं. मी मनात म्हटलं, हे जिमवाल्या पोरांचं खूळ. पण नाही, बरंच जुनं निघालं. उपासात फिट कमी होतात हे लोकांना ठाऊकच होतं. १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी सुचवलं, पीठ-साखर जवळपास तोडून स्निग्ध वाढवलं तर जेवूनही तोच परिणाम साधेल. यकृत चरबीपासून कीटोन नावाचं इंधन करतं, मेंदू साखरेऐवजी बराचसा त्यांवर चालतो. २००८ साली लंडनला १४५ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी आहारवाल्यांपैकी ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून खाली आले होते, बाकीच्यांत ६ टक्क्यांचे. म्हणजे सगळ्यांना लागू पडतोच असं नाही, हे वहिनींनाही सांग.

आमचा त्यातला सैल प्रकार, सुधारित अ‍ॅटकिन्स. तरी सुरुवातीला कर्बोदकं दिवसाला १० ग्रॅम, आणि एका फुलक्यातच १५ च्या आसपास! इंदुरात राहून पोहे-जलेबी बंद. शेवसुद्धा बेसनाची, म्हणून तीही गेली. थंडी पडली तशी आई सराफ्यातून, म्हणजे इथल्या खाऊच्या बाजारातून, गराडू घेऊन आली. "चांगला तळलेला आहे, चालेल की." अगं, पिठूळ कंद तो! दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पोरापेक्षा आजीला समजावणं कठीण, खरं सांगतो. आता तीच काट्यावर फ्लॉवर तोलते, पनीरवर तूप ओतते आणि वाटीच्या कडेचं बोटानं निपटून त्याला चाटवते.

एकदा मात्र फसलो. खोकला झाला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातून गोड सिरप आणलं. कीटोन बघायला लघवीत बुडवायची पट्टी रोज जांभळी व्हायची, ती फिकट पडली आणि तिसऱ्या रात्री मोठा झटका. तेव्हापासून साखर नसलेलं औषध मिळतं का, ते आधी विचारतो.

भाचीचं मनानं सुरू करू नका. काही मुलांच्या शरीराला स्निग्ध पचवताच येत नाही, त्यांना हा आहार घातक. म्हणून आधी रक्त-लघवी तपासतात. चालू गोळ्या तर अजिबात बंद करायच्या नाहीत. बद्धकोष्ठ होतं, मुतखड्याची भीती असते. पाणी भरपूर लागतं.

नऊ महिने झाले. झटके आता आठवड्याला दोन-तीन. गोळ्या चालूच आहेत.

संक्रांतीला येशील तेव्हा तिळगूळ नको. अक्रोड आण, कवचासकट. मी मोजून तीनच देतो, फोडायचा मान त्याचा.

तुझा,
नाना