कावळ्याची भावकी

कांदिवली, २० मे

प्रिय सुध्या,

उशिराबद्दल शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

सध्या पहाटे साडेचारला समोरच्या पिंपळावर कोकीळ सुरू होतो. झोपेचं खोबरं होतं आणि तुझी आठवण येते. बोरिवलीच्या उद्यानातली आपली पैज आठवते? गाणारा पक्षी कोण, कोकीळ की कावळा? तू निव्वळ मला चिडवायला कावळा म्हणालास आणि वडापाव मी खाल्ला. तो तुझा होता रे! शास्त्रात ज्यांना गाणारे पक्षी म्हणतात, त्या गोतावळ्यात कावळा आहे, कोकीळ नाही. गोडव्याचा तिथे संबंधच नाही. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे पक्ष्याचं स्वरयंत्र असतं. त्याचे बारीक स्नायू गाणाऱ्यांच्या कुळात फार गुंतागुंतीचे. कावळ्याकडे तो सगळा सरंजाम आहे. गळा पेटीचा, आणि वाजवतो भोंगा!

पक्ष्यांच्या जुन्या पुस्तकांत दयाळ कस्तुरांच्या घरात असायचा आणि स्वर्गीय नर्तक माशीमारांच्या. चोच, पाय, सवयी पाहून सोयरिक जुळवलेली. मग सिबली आणि अल्क्विस्ट या दोघा पक्षीशास्त्रज्ञांनी वेगळंच केलं. दोन जातींच्या डीएनएचे धागे एकमेकांत गुंफायचे आणि तापवत न्यायचे. नातं जितकं जवळचं, तितके ते जास्त उष्णतेला सुटतात. त्यांचा कुळवृत्तान्त १९९० साली आला. पुढे थेट जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा त्यातल्याही बऱ्याच फांद्या हलवाव्या लागल्या. आज दयाळ माशीमारांकडे नांदतो. आणि तो नर्तक, ज्याच्या पांढऱ्या फितीसारख्या शेपटीमागे आपण चिखलातून तासभर धावलो होतो, तो निघाला कावळा, खाटीक, कोतवाल या पक्ष्यांच्या भावकीतला. हे वाचलं त्या दिवशी ग्रिलवर पोळीच्या तुकड्यासाठी ओरडणाऱ्या कावळ्याकडे मी जरा आदरानेच पाहिलं. त्याने तुकडा उचलला आणि शेजाऱ्यांच्या एसीवर जाऊन बसला.

गाणाऱ्यांच्या या सगळ्या कुळाचं मूळ गाव ऑस्ट्रेलियाकडचं, हेही त्या जनुकांनीच सांगितलं. आपली चिमणीसुद्धा मूळची तिकडची म्हणायची.

पावसाच्या तोंडावर उद्यानात नवरंग पक्षी येईल. तो यांच्याच गणातला, म्हणजे मोठ्या गोतातला, पण चुलत घराण्यातला, म्हणून गाणाऱ्यांच्या पंगतीत त्यालाही पान नाही. जूनमध्ये ये. पहाटेची पहिली लोकल पकडू. वडापाव गेटबाहेर देतो, व्याजासकट दोन.

तुझा,
बाळ्या