औषधाची आठवण ठेवणारा पट्टा : सुहासला पत्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा मिळाला. मधुमेहींना औषधाची आठवण करून देणारा मनगटी पट्टा करायचं मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. फक्त उजेडातून साखर मोजायचं कलम आधी काढून टाक. सुईशिवाय साखर मोजल्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध-नियंत्रक संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलाय. चुकीच्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवलं तर जिवावर बेतेल.

गजर वाजवणं सोपं आहे. खरा घोळ त्यानंतर होतो. 'सकाळची गोळी घेतली की राहिली?' अशी शंका येते आणि माणूस पुन्हा घेतो. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन दुबार गेलं तर साखर ७० च्या खाली घसरते. घाम, थरथर, पुढे शुद्धही हरपते. म्हणून पडद्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'स. ८:१० घेतली' असं दिसू दे. चालू वेळ खाली बारीक चालेल. बटण एकच ठेव आणि ते दोन सेकंद दाबून धरायला लाव, नाहीतर बाही लागूनही नोंद होईल. इन्सुलिन पेनच्या टोपणात चुंबक आणि रीड स्विच (चुंबकाने चालणारा स्विच) बसवणार असशील तर नोंद 'टोपण उघडलं' एवढीच कर. टोपण उघडलं म्हणजे सुई टोचली असं नाही.

गजर जेवणाला बांध, घड्याळाला नको. रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, अ‍ॅस्पार्ट किंवा लिस्प्रो ही झटपट काम करणारी इन्सुलिनं पानावर बसताना, मेटफॉर्मिन जेवणासोबत. ग्लार्जिन हे दिवसभर पुरणारं इन्सुलिन तेवढं रोज ठरल्या वेळी. आपल्याकडे उपवासाचा विचार केल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. संकष्टीला जेवण चंद्रोदयानंतर, रात्री उशिरा. सकाळच्या गजराला सवयीने ग्लिमेपिराइड घेतली आणि दिवसभर पोट रिकामं राहिलं, तर दुपारी घात होतो. 'आज उपवास' हा पर्याय हवाच. त्यात काय घ्यायचं, ते डॉक्टरांनी आधीच भरून दिलेलं असावं. पट्ट्याने आपल्या मनाने एक युनिटही बदलायचं नाही.

युनिटांचंही सांगतो. भारतात इन्सुलिनच्या कुप्या ४० आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० ची कुपी ४० च्या सिरिंजमध्ये ओढली की डोस अडीचपट. तेव्हा पडद्यावर मिलिलिटर नको; युनिट आणि शेजारी 'लाल' किंवा 'केशरी' असं लिही.

ज्यांच्यासाठी हे करतोयस त्यांच्यापैकी अनेकांच्या नसा बधिर झालेल्या असतात, नजरही अधू असते. १० मिमीच्या मोटरचं कंपन एकाला पुरेल, दुसऱ्याला कळणारही नाही. पहिल्यांदा बांधताना ते हळूहळू वाढवत नेऊन 'आता जाणवतंय' या पातळीच्या बरंच वर ठेव. बझर ४ किलोहर्ट्झचा नको. उतारवयात उंच सूर आधी हरवतात, २ च्या आसपासचा बघ. ०.९६ इंची ओएलईडीवरची अक्षरं फार लहान होतात. १.५४ इंची ई-पेपर घे. तो उन्हात वाचता येतो आणि मजकूर धरून ठेवायला वीज खात नाही.

एनआरएफ५२८३२ ही चिप आणि १५० एमएएचची लिपो बॅटरी ही निवड चांगली आहे. एमसीपी७३८३१ या चार्जिंगच्या चिपच्या प्रोग पिनला १३ किलोओहमचा रेझिस्टर लाव, म्हणजे चार्जिंग साधारण ७७ मिलिअँपिअरवर राहील. मोटर मॉस्फेटवरून (इलेक्ट्रॉनिक स्विचवरून) चालव, तिच्या दोन टोकांवर डायोड उलटा जोड. मोटर सुरू होताना व्होल्टेज बसतं आणि चिप रीसेट होते. लक्षण ओळखायला सोपं आहे : गजर होतो, पडदा कोरा पडतो आणि नुकतीच केलेली नोंद गायब. चिपच्या पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक, मोटरचा पीडब्ल्यूएम (तिला मिळणारी वीज) सावकाश चढव आणि बटण दाबताच नोंद आधी फ्लॅशमध्ये लिही, बाकी सगळं मग.

घड्याळाचा २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतकी चूक असणारा) क्रिस्टल महिन्याला ५२ सेकंदांपर्यंत चुकतो. फोनशी जुळवलं की भागतं. बॅटरी पार उतरली तर घड्याळ गुपचूप १२:०० पासून सुरू होऊ देऊ नकोस, 'वेळ लावा' असं दाखव. नमुन्यात डीएस३२३१ हे घड्याळाचं निळं मॉड्यूल वापरणार असशील तर त्यावरचा २०० ओहमचा रेझिस्टर काढ. ५ व्होल्टवर ते सीआर२०३२ या बटण सेलला चार्ज करू पाहतं आणि तो सेल चार्जिंगचा नाही.

पेटीच्या कडा गोल घास, बक्कल निकेलविरहित घे. मधुमेहात साधा ओरखडाही लवकर भरत नाही. विक्रीचा विचार असेल तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आताच वाचायला घे.

ब्लूटूथ मागाहून. आधी बटण, मोटर आणि 'घेतली'चा पडदा एवढाच नमुना कर. मोटर सुरू होतानाचा बॅटरीच्या व्होल्टेजचा ऑसिलोस्कोपवरचा आलेख मला पाठव, मग कपॅसिटरचं नक्की करू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश