देखभाल करारात वार्षिक अपग्रेडची अट हवी

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कोकणातल्या पतसंस्था, आंबा बागायतदारांचे विक्री संघ आणि पर्यटक निवासांचे आरक्षण पाहणारे व्यावसायिक यांची कामे आता क्लाउडवर चालतात आणि त्यामागचे कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेली गाठोडी) सांभाळण्याचे काम अनेकदा ‘कुबरनेटिस’ या सॉफ्टवेअरकडे असते. अशा यंत्रणांची देखभाल हाच माझा व्यवसाय असल्याने करारांतील एका उणिवेकडे लक्ष वेधू इच्छितो. करार तीन किंवा पाच वर्षांचे होतात. बॅकअप कधी घ्यायचा, तक्रार किती तासांत सोडवायची हे त्यात लिहिलेले असते, पण कुबरनेटिसची आवृत्ती केव्हा बदलायची (म्हणजे अपग्रेड केव्हा करायचे) याविषयी अक्षरही नसते.

कुबरनेटिसची नवी आवृत्ती २०२१ पासून वर्षातून साधारण तीनदा येते आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिनेच सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. म्हणजे पाच वर्षांच्या करारात पहिल्या दिवशी बसवलेली आवृत्ती दुसऱ्याच वर्षी उघडी पडते. काही क्लाउड कंपन्या जादा आकार घेऊन मुदत वाढवून देतात, पण तीही कायमची नसते.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ असे संचालक विचारतात. त्यांची भीती अनाठायी नाही. ऑगस्ट २०२१ मधील १.२२ आवृत्तीने, बाहेरची मागणी योग्य सेवेकडे वळवणाऱ्या ‘इन्ग्रेस’ या सोयीचे बीटा, म्हणजे चाचणीच्या टप्प्यातले, रूप काढून टाकले. आधीपासून साठवलेल्या नोंदी शाबूत राहिल्या. मात्र जुन्या फाइलीतील आवृत्ती सांगणारी पहिली ओळ तशीच ठेवून पुढचा बदल पाठवला की क्लस्टर (कुबरनेटिसखाली एकत्र चालणारा संगणकांचा समूह) तो नाकारू लागला आणि ही वळवावळवी प्रत्यक्ष करणारे जुने इन्ग्रेस कंट्रोलरही निकामी ठरले. १.२४ मध्ये कुबरनेटिसला ‘डॉकर’ या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणारे डॉकरशिम गेले, १.२५ मध्ये कंटेनरांना काय करू द्यायचे हे ठरवणारी पॉड सिक्युरिटी पॉलिसी गेली. या प्रत्येक बदलाची सूचना बरीच आधी दिलेली होती. ती वाचून फाइली तपासण्याची जबाबदारी करारात कोणावरच टाकलेली नसते, हे खरे दुखणे आहे.

काम टाळले तर ते वाढतच जाते, कारण कंट्रोल प्लेनला, म्हणजे क्लस्टरचे नियंत्रण करणाऱ्या भागाला, मधली आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही. एकेक पायरीच चढावी लागते. सुदैवाने १.२८ पासून नोडवरील (कंटेनर चालवणाऱ्या प्रत्येक संगणकावरील) क्युबलेट हा कुबरनेटिसचा कारभारी प्रोग्राम कंट्रोल प्लेनमधील, मागण्या स्वीकारणाऱ्या एपीआय सर्व्हरपेक्षा तीन आवृत्त्यांपर्यंत मागे राहिले तरी चालते (पूर्वी ही मुभा दोनचीच होती, पुढे जाण्याची मुभा मात्र कधीच नव्हती). त्यामुळे कंट्रोल प्लेन टप्प्याटप्प्याने तीन आवृत्त्या पुढे नेऊन नोड वर्षातून एकदाच बदलता येतात, आणि हे लहान संस्थांच्याही आवाक्यातले आहे.

वेळ मात्र आपल्या हंगामानुसार ठरवावी. अलीकडे नव्या आवृत्त्या बहुधा एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरच्या सुमारास येतात. एप्रिलमध्ये हापूसची विक्री भरात असते आणि ऑगस्टमध्ये गणपतीची लगबग. त्या दिवसांत कोणी क्लस्टरला हात लावू नये. आंबा संपल्यावर आणि गणपतीपूर्वी, म्हणजे जून-जुलैत, हे काम उरकावे. पावसात इकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे असल्याने काम हाती घेणाऱ्यांपैकी एकजण पुण्या-मुंबईत बसलेला असावा.

म्हणून संस्थांनी आणि नगरपरिषदांनी यापुढील निविदांत वर्षातून एक अपग्रेड, त्याआधी चाचणी क्लस्टरवरील रंगीत तालीम आणि काढून टाकल्या जाणाऱ्या एपीआयचा (इन्ग्रेसच्या बीटा रूपासारख्या, कुबरनेटिसला मागणी पाठवण्याच्या ठरावीक पद्धतींचा) लेखी अहवाल या अटी घालाव्यात, आणि त्यांचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरावेत.

आपला विश्वासू,
एक संगणक अभियंता, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग