ती लाल फळं गुंजेची नाहीत

प्रिय मित्रा,

काल तू पाठवलेला लाल फळांच्या वेलीचा फोटो बघितला आणि आधी एकच विचारलं, छोटीने तोंडात घातलं नाही ना? "नाही, नुसती ओंजळभर तोडून आणलीत," म्हणालास तेव्हा जिवात जीव आला. फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

तुला ती गुंज वाटली. नाही रे. गुंजेला रसाळ फळ नसतंच. तिची शेंग वाळून उकलते आणि आत काळ्या ठिपक्याच्या टणक लाल बिया दिसतात. पानं चिंचेसारखी, तणावे (वेल आधाराला धरते ते वेटोळे धागे) नाहीत, खोडच आधाराला पीळ घालत चढतं. (गुंजही साधी नव्हे. बी चावली गेली तर आतलं ॲब्रिन नावाचं विष जीव घेऊ शकतं, आणि त्रास सुरू व्हायला कित्येक तास जातात, तोवर सगळं ठीक वाटतं.)

तुझ्या फोटोतली फळं गोल, साधारण 2 सेंटिमीटरची, आणि लालभडक झाली तरी त्यांच्यावर पांढरे पट्टे आहेत. मला ती शिवलिंगीची वेल वाटते. रानतोंडलीशी गल्लत होते ती इथेच. तोंडलीवरही कोवळेपणी पट्टे असतात, पण पिकताना ते जातात. शिवाय ते फळ लांबट आणि एकेकटं लागतं. शिवलिंगीची फळं पानाच्या बेचक्यात, खोडाला चिकटून, बहुधा दोन-चार मिळून असतात.

लहानपणी मीही रानतोंडली समजून खिसा भरून आणला होता. आजीने एक फळ दगडावर फोडलं, बी धुतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. करडी, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची, भोवती जाड कड. शाळुंकेत पिंड बसवावी तशी. "आता कळलं नाव का पडलं?" एवढंच म्हणाली आणि खिसा रिकामा करायला लावला. मग साबणाने हात. ती बी मी अजून विसरलो नाही.

पण ओळख पटवायला फळ फोडत बसू नकोस. तणावा बघ. शिवलिंगीचा तणावा पुढे दुभंगून त्याचे दोन फाटे होतात, तोंडलीचा एकेरीच राहतो. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते, कारण वेलीला फळ नसतानाही ती दिसते. शिवलिंगीचं पान पंजासारखं, खोल चिरलेलं, वरून खरखरीत.

आणि हो, पक्ष्याने टोचलेलं फळ दिसलं म्हणून ते आपल्याला चालतं असं समजू नकोस. औषध म्हणून बिया विकतात, त्यावरही जाऊ नकोस. कधी कुणाच्या पोटात गेलंच, तर घरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता फळ आणि पानासकट वेलीचा तुकडा घेऊन सरळ डॉक्टरकडे जायचं.

फोटोत पान अर्धंच आलंय आणि तणावा दिसतच नाही. उद्या उजेडात दोन्हींचा जवळून फोटो काढून पाठव. तोवर ती ओंजळ छोटीच्या हाताला लागणार नाही अशी टाकून दे.

तुझाच,
जुना सोबती